रेंज होती, तरी नोंद जात नव्हती: डेसिबलच्या आकड्यांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे एका गोदामातलं प्रकरण आहे. कुणाची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. आकडे मात्र त्या वेळी वहीत टिपले तसेच ठेवले आहेत, कारण सगळा घोळ आकड्यांचाच होता.

साधारण ६० मीटर लांबीचं एकच दालन, त्यात लोखंडी रॅकच्या नऊ रांगा. एका टोकाला विटांच्या भिंतीची केबिन. तिच्या आतल्या भिंतीवर, टेबलाच्या जरा वर, वाय-फायचा एक ऍक्सेस पॉइंट, म्हणजे सिग्नल देणारी-घेणारी पेटी, होता. पुढे त्याला एपी म्हणतो. दुसरा एपी दाराबाहेर, गाड्या लागतात त्या शेडमध्ये होता. तो आतल्या रांगांसाठी नव्हताच. कामगारांच्या हातात बारकोड स्कॅनर असत. खोक्यावरचा कोड वाचायचा, नोंद सर्व्हरला पाठवायची, हिरवी खूण आली की पुढचं खोकं. स्कॅनर जुने होते आणि फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालत.

दीडेक वर्ष हे सुरळीत चाललं. मग शेवटच्या दोन रांगांमधून तक्रारी यायला लागल्या आणि मला बोलावणं आलं.

अडचण

व्यवस्थापक मॅडमनी आधीच थोडी तपासणी करून ठेवली होती. नवव्या रांगेत लॅपटॉप नेऊन त्यावर दिसलेला सिग्नल त्यांनी लिहून ठेवला होता: ५४ टक्के. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "निम्मा सिग्नल वाटेतच जातोय. तुम्ही तो ८० टक्क्यांपर्यंत आणून द्या."

नवव्या रांगेत काम करणारे दादा वेगळंच सांगत होते. त्यांच्या स्कॅनरवर रेंजच्या चारपैकी तीन काड्या दिसत होत्या. "रेंज आहे हो, पण नोंद जात नाही. सकाळी जाते, जेवणानंतर जात नाही. आणि मी केबिनकडे पाठ केली की हमखास अडकते."

दादांच्या या तीन वाक्यांत जवळजवळ संपूर्ण निदान होतं. पण मी पहिल्या दिवशी कान दिला तो मॅडमच्या ५४ टक्क्यांना, कारण तो आकडा होता आणि दादांचं बोलणं म्हणजे नुसतं निरीक्षण, असं मी धरून चाललो. पुढचे चार दिवस त्यातच गेले.

५४ टक्के म्हणजे नेमकं किती

आधी हे उलगडायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. विंडोजच्या लॅपटॉपवर जो टक्का दिसतो तो शक्तीचा टक्का नसतो. उणे १०० डीबीएमला शून्य टक्के, उणे ५० डीबीएमला शंभर टक्के अशी एक पट्टी धरलेली असते आणि मधले आकडे तिच्यावर सरळ रेषेत बसवलेले असतात. म्हणजे ५४ टक्के हे उणे ७३ डीबीएमचं दुसरं नाव.

डीबीएममध्ये तुलना असते एक मिलिवॅटशी. ० डीबीएम म्हणजे बरोबर १ मिलिवॅट. दर १० डेसिबलला शक्ती दहापट होते किंवा दहावा हिस्सा होते. दर ३ डेसिबलला जवळजवळ दुप्पट किंवा निम्मी. वजाचं चिन्ह पाहून काही बिघडलंय असं वाटायला नको. एक मिलिवॅटपेक्षा कमी, एवढाच त्याचा अर्थ.

केबिनमधला एपी १७ डीबीएमवर प्रक्षेपण करत होता, म्हणजे ५० मिलिवॅट. नवव्या रांगेत पोहोचत होते उणे ७३ डीबीएम, म्हणजे ५० पिकोवॅट. मिलिवॅटचे पिकोवॅट झाले: अब्जावा हिस्सा शिल्लक राहिला. मॅडमना वाटत होतं निम्मा सिग्नल हरवतोय. प्रत्यक्षात एक अब्जांश उरत होता, आणि तेवढ्यावर वाय-फाय व्यवस्थित चालतं. मी हे कागदावर शून्यं मांडून दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ त्या शून्यांकडे बघत राहिल्या. डेसिबलची गरज का पडली हे त्या क्षणी वेगळं सांगावं लागलं नाही. अब्जपटीची घट '९० डेसिबल' या दोन शब्दांत मावते आणि साध्या बेरीज-वजाबाकीने हिशेब होतो: १७ वजा ९० बरोबर उणे ७३.

टेलिफोनच्या लांबलचक तारांमध्ये आवाज किती क्षीण होतो हे मोजताना अभियंत्यांपुढे हाच प्रश्न होता. अमेरिकेतल्या बेल टेलिफोनच्या अभियंत्यांनी त्यासाठी जे एकक वापरात आणलं त्याला १९२८ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्यावरून डेसिबल हे नाव मिळालं. अख्खा 'बेल' रोजच्या कामाला फार मोठा पडतो, म्हणून त्याचा दहावा भाग.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता एपीची प्रक्षेपणशक्ती वाढवण्याचा. १७ वरून २३ डीबीएम, म्हणजे ५० मिलिवॅटवरून २००. नियामकाने घातलेली मर्यादा अँटेनाचा लाभ (गेन, म्हणजे तो शक्ती एका बाजूला किती एकवटतो) धरून मोजली जाते. ती आधी पाहून घेतली आणि आम्ही तिच्या आत होतो. खर्च शून्य, काम दोन मिनिटांचं.

दुसरा, मधे एक रिपीटर टाकायचा. तो मला सुरुवातीपासून नको होता. साधा रिपीटर ऐकलेला निरोप त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो, त्यामुळे एका निरोपाला हवेतला वेळ दुप्पट लागतो.

तिसरा, जास्त लाभाचा अँटेना. अँटेनाचा एक मोठा गुण असा की तो बोलतानाही मदत करतो आणि ऐकतानाही. शक्ती वाढवण्यात हे नाही. पण चहूबाजूंना प्रक्षेपण करणाऱ्या अँटेनाचा लाभ वाढवला की त्याचा पसारा वरून-खालून चेपला जातो. अँटेना नवी ऊर्जा निर्माण करत नाही, आहे तीच एका पातळीत गोळा करतो.

चौथा, स्कॅनर बदलून ५ गिगाहर्ट्झवर जायचं. तिथे गर्दी कमी असते हे खरं, पण तेवढ्याच अंतरावर, तशाच अँटेनांसह, २.४ च्या तुलनेत साधारण ७ डेसिबल जास्त घट धरावी लागते. त्यात सगळे स्कॅनर नवे घ्यायचे. हा पर्याय लगेच बाजूला पडला.

पाचवा, एपी केबिनमधून काढून दालनात मध्यावर टांगायचा. त्यासाठी नवी केबल ओढावी लागणार होती आणि काम एक दिवस थांबवावं लागणार होतं. मॅडमचा त्याला विरोध होता आणि त्यांच्या जागी मीही विरोध केला असता.

मी पहिला पर्याय घेतला. सोपं आहे म्हणून घेतला, नीट विचार करून नव्हे.

पहिला निर्णय आणि तो कसा फसला

शक्ती २३ वर नेली. नवव्या रांगेतला लॅपटॉप उणे ७३ वरून उणे ६७ वर आला, अगदी हिशेबाप्रमाणे ६ डेसिबल. टक्क्यांत ५४ चे ६६ झाले. वाय-फायवरून फोनचं बोलणं चांगलं चालावं म्हणून जो उणे ६७ चा दंडक लोक वापरतात, बरोबर तो आकडा. मॅडम खूश झाल्या. मी निघून आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. नवव्या रांगेत काहीच फरक नव्हता. वर आता बाहेरच्या शेडमधूनही तक्रार आली. पूर्वी आतून बाहेर जाताना स्कॅनर शेडमधला एपी पकडायचा. आता आतल्या एपीचा आवाज मोठा झाल्याने तो त्यालाच चिकटून राहायला लागला, शटरच्या बाहेर गेला तरी. तक्रार कमी व्हायच्या ऐवजी पसरली.

मी परत गेलो आणि या खेपेला दादांबरोबर नवव्या रांगेत दोन तास उभा राहिलो. आधी हेच करायला हवं होतं. स्कॅनर खोक्यावर धरला, बीप झाला, पडद्यावर 'पाठवत आहे' आलं आणि गोल चक्र फिरत राहिलं. सहा सेकंद, सात, मग लाल खूण. दादा काही न बोलता टाचेवर वळले, केबिनकडे तोंड केलं, पुन्हा बटण दाबलं. हिरवी खूण. परत पाठ फिरवली, परत लाल. स्कॅनर छातीशी धरलेला, त्यामुळे पाठ केली की अख्खं शरीर स्कॅनर आणि एपी यांच्या मधे येत होतं. शरीर म्हणजे बहुतांशी पाणी, आणि २.४ गिगाहर्ट्झला ते चांगलंच शोषतं. लॅपटॉप छातीशी धरून मी स्वतः वळून पाहिलं: ६ डेसिबलचा फरक.

पण उणे ६७ मधून ६ गेले तरी उणे ७३ उरतात, आणि उणे ७३ वर हेच स्कॅनर पूर्वी बिनतक्रार चालत होते. म्हणजे आम्ही बघत होतो तो आकडा खोटा नव्हता, पण या प्रश्नाचा नव्हता.

आकडा कुणाच्या कानाचा

लॅपटॉपवरचा उणे ६७ सांगत होता की नवव्या रांगेत *एपीचा आवाज* किती मोठा ऐकू येतो. नोंद मात्र उलट दिशेने जाते. स्कॅनर बोलतो, एपीने ऐकायचं असतं. स्कॅनर बॅटरीवर चालणारं छोटं यंत्र. त्याची प्रक्षेपणशक्ती १४ डीबीएम, म्हणजे २५ मिलिवॅट. वाटेतली घट दोन्ही दिशांना सारखीच असते, ९० डेसिबल. तेव्हा एपीला स्कॅनर ऐकू यायला हवा १४ वजा ९०, म्हणजे उणे ७६ वर. एपीच्या व्यवस्थापन पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते, त्यात प्रत्येकाचा सिग्नल दिलेला असतो. दादांच्या स्कॅनरसमोर उणे ७७ होता.

एपीची शक्ती मी चौपट केली होती. त्याने एपीचा आवाज वाढला, त्याचे कान तीक्ष्ण झाले नाहीत. उणे ७७ आधीही उणे ७७ होता आणि नंतरही.

तरी उणे ७७ म्हणजे काही मेलेला सिग्नल नव्हे. मग त्याच पानावर खालच्या बाजूला असलेली, मी कधी फारशी न बघितलेली ओळ पाहिली: नॉइज फ्लोअर, म्हणजे हवेतल्या गोंगाटाची पातळी. दुपारचे अडीच वाजले होते आणि तिथे उणे ८४ होतं.

हा आकडा का खटकला ते सांगतो. हवेत काहीही चालू नसलं तरी उष्णतेमुळे येणारी मूळची कुजबुज असते, दर हर्ट्झला उणे १७४ डीबीएम. वाय-फायचा चॅनेल २० मेगाहर्ट्झ रुंद, म्हणजे दोन कोटी हर्ट्झ, आणि दोन कोटीपट म्हणजे ७३ डेसिबल. त्यामुळे त्यात ७३ मिळवायचे, म्हणजे उणे १०१. ऐकणाऱ्या यंत्राचा स्वतःचा खरखराट पाच-सात डेसिबल. म्हणून शांत जागी उणे ९५ च्या आसपास दिसायला हवं. इथे त्याहून दहाएक डेसिबल जास्त, म्हणजे दहापट गोंगाट होता.

सिग्नल उणे ७७, गोंगाट उणे ८४: मधलं अंतर फक्त ७ डेसिबल. वाय-फायच्या ६ एमबीपीएस या संथ वेगालाही पाच-सहा डेसिबल लागतातच. ५४ एमबीपीएसला २५ च्या आसपास. दादांनी पाठ फिरवली की ७ मधून ६ जात होते. उरत होता १.

केबिनमध्ये गेलो. एपीच्या बरोबर खाली टेबलावर संगणक, आणि त्याला यूएसबी ३ च्या तारेने लावलेली एक बाहेरची हार्ड डिस्क, एपीपासून वीतभर अंतरावर. मॅडमना विचारलं ही कधीपासून आहे. बॅकअपसाठी नवी घेतली होती, दीड महिन्यापूर्वी. तक्रारीही तेव्हापासूनच्या. बॅकअप रोज दुपारी साडेबाराला सुरू व्हायचा आणि चारपर्यंत चालायचा.

यूएसबी ३ ची तार सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने डेटा वाहते, आणि त्यातून बाहेर गळणारी ऊर्जा नेमकी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरही पसरते. इंटेलने २०१२ मध्येच यावर तपशीलवार लिहिलं आहे. मी ते वाचलेलं होतं. डिस्कचा प्लग काढला. पानावरचा आकडा काही सेकंदांत उणे ९४ वर उतरला. परत लावला, उणे ८४. तीनदा करून पाहिलं, मॅडमना शेजारी उभं करून.

दुसरा निर्णय: एका वेळी एकच बदल

आता दोन गोष्टी करण्यासारख्या होत्या: डिस्क हलवणं आणि एपी दालनात नेणं. एपी दालनात नेला की तो डिस्कपासून आपोआप दूर जाणार होता, म्हणजे एका कामात दोन्ही साधलं असतं. मोह झाला. पण पहिल्या खेपेला मी कारण न शोधता उपाय केला होता. आता कशाने किती फरक पडतो हे वेगवेगळं कळायला हवं होतं, कारण मॅडमना कामबंदीचा एक दिवस मागायचा तर त्यामागे आकडा लागणार होता.

म्हणून आधी फक्त डिस्क संगणकासकट केबिनच्या पलीकडच्या कोपऱ्यात नेली आणि एपीची शक्ती परत १७ वर आणली. दोन दिवस तसंच ठेवलं. दुपारचं अंतर ७ वरून १७ डेसिबल झालं, दादांनी पाठ केली तरी ११. लाल खुणा जवळजवळ थांबल्या. शेडची तक्रार शक्ती कमी केल्याबरोबर गेली.

इथे थांबता आलं असतं, आणि मॅडमचं मत तेच होतं. मी आग्रह धरला तो ११ या आकड्यासाठी. रॅक मालाने गच्च भरले की वाटेतली घट आणखी वाढणार, आणि त्या आठवड्यात रॅक अर्धे रिकामे होते. मी कागदावर लिहून दिलं: माल भरल्यावर आणखी ५ डेसिबल गेले तर उरतील ६, म्हणजे पुन्हा पहिल्याच ठिकाणी. त्यांनी सुट्टीच्या दिवशी केबल ओढायला परवानगी दिली.

एपी पाचव्या रांगेजवळ, रॅकच्या माथ्याहून उंच टांगला. अंतर निम्म्यावर आलं (मोकळ्या जागेत एवढ्यानेच ६ डेसिबल मिळतात) आणि विटांची भिंत वाटेतून गेली.

निकाल

नवव्या रांगेतली घट ९० वरून ८१ डेसिबलवर आली. १७ डीबीएमच्याच शक्तीवर लॅपटॉप उणे ६४ दाखवायला लागला आणि एपीला स्कॅनर ऐकू यायला लागला उणे ६८ वर. गोंगाट उणे ९४ धरून अंतर २६ डेसिबल. पाठ केल्यावर २०. शक्ती चौपट करून जे झालं नव्हतं ते मूळच्या शक्तीवर झालं. महिन्याभराने रॅक भरलेले असताना पुन्हा मोजलं, तेव्हा पाठ करून १६ होते.

वेगळं काय करता आलं असतं

दादांच्या तिन्ही गोष्टी, म्हणजे रेंज दिसते, दुपारी अडकतं, पाठ केली की अडकतं, पहिल्याच दिवशी तपासण्याजोग्या होत्या. वेळेशी बांधलेली अडचण असेल तर कारण भिंतीत किंवा अंतरात नसतं. भिंत दुपारी जाड होत नाही. हे मी तेव्हा स्वतःला विचारलं असतं तर पहिली फेरी वाया गेली नसती.

मोजण्याची पद्धतही मी सुधारायला हवी होती. पहिल्या दिवशी एकेका जागी एकेक आकडा टिपला, आणि सिग्नल जागच्या जागी तीन-चार डेसिबल हलत असतो. नंतर मिनिटभराचे आकडे घेऊन मधला आकडा धरायला लागलो. सरासरी काढायची तर जपून काढावी लागते: उणे ६० आणि उणे ८० यांची नुसती सरासरी उणे ७० येते, पण शक्तीची खरी सरासरी उणे ६३, कारण उणे ६० हा उणे ८० च्या शंभरपट आहे. डेसिबलमध्ये गुणाकाराची बेरीज होते, म्हणून बेरीज करताना आपण काय करतोय ते लक्षात ठेवावं लागतं.

स्कॅनरवरच्या काड्यांवर मी आता विसंबत नाही. त्यांच्यामागे असतो आरएसएसआय नावाचा आकडा, आणि वाय-फायच्या मूळ मानकाने त्याची पट्टी ठरवण्याचं काम निर्मात्यावर सोडलं आहे. कुणी ६० पर्यंत मोजतो, कुणी १०० पर्यंत. एका यंत्राच्या तीन काड्या आणि दुसऱ्याच्या तीन काड्या यांची तुलनाच होत नाही, आणि दोन्हींत गोंगाटाचा पत्ता नसतो.

एक निर्णय मात्र मी आजही तसाच घेईन: डिस्क आणि एपी वेगवेगळ्या दिवशी हलवण्याचा. त्यामुळे दोन दिवस जास्त लागले, पण १० डेसिबल कुठून आले आणि ९ कुठून आले हे आज नेमकं सांगता येतं. एपीखालच्या रॅकवर एक तक्ता चिकटवला आहे. त्यात दर महिन्याला तीन रकाने भरतात: स्कॅनरला एपी किती, एपीला स्कॅनर किती, गोंगाट किती. तक्ता भरायचं काम दादांनी मागून घेतलं. मागच्या खेपेला त्यांनी आठव्या रांगेच्या भिंतीकडच्या कोपऱ्यासमोर उणे ७५ लिहून त्याभोवती गोल केला होता. तिथे पत्र्याचं नवं कपाट आलं आहे; त्याची जागा बदलून पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजणार आहोत.